श्वासाची जागा : एका पदाच्या आणि एका अभंगाच्या तयारीच्या नोंदी

१६ जून २०२४

कार्तिकी एकादशीच्या आधीच्या रविवारी, म्हणजे १० नोव्हेंबरला, मिरजेतील आमच्या गायनवर्गाचा छोटा कार्यक्रम होणार आहे आणि त्यासाठी आज दोन रचना निश्चित केल्या. एक आहे ‘स्वयंवर’ नाटकातील रुक्मिणीचे ‘नाथ हा माझा’ हे यमन रागातील पद. दुसरा ‘अगा वैकुंठीच्या राया’ हा संत कान्होपात्रेचा अभंग, जो भैरवी रागात आणि आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात बसवायचा आहे. एवढ्या महिन्यांसाठी दोनच रचना का, असे विचारले गेले. गळ्याची तयारी आणि गाण्यातला भाव यांची सांगड नेमकी कोठे बसते, हा प्रश्न वर्गात वारंवार निघतो आणि प्रत्येक वेळी ‘दोन्ही हवे’ एवढ्या उत्तरावर संपतो. ते उत्तर खोटे नाही, पण त्याने रियाजाला बसलेल्या माणसाच्या हाती काही लागत नाही. दोन रचना मुळापासून शेवटापर्यंत तपासल्या तर काहीतरी हाती लागेल, असा माझा विश्वास आहे.

गाणारे तिघे आहेत. थोरली विद्यार्थिनी विशारद झालेली असून तिचा आकार (‘आ’ लावून गाणे) मोकळा, तान दाणेदार आणि स्वर चोख आहे. मात्र तिचे पद ऐकून झाल्यावर ‘शब्द काय होते’ असे विचारले तर ऐकणाऱ्याला सहसा सांगता येत नाही. दुसऱ्या बाई भजनी मंडळात वाढलेल्या आहेत. त्यांनी विठ्ठलाचे नाव घेतले की बसलेले लोक बोलायचे थांबतात, परंतु तिसऱ्या अभंगापर्यंत त्यांचा आवाज बसू लागतो. तिसरा तरुण काळी एक पट्टीत गातो, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी हा त्याचा ‘सा’. त्याचे स्वरज्ञान या तिघांत सर्वांत पक्के आहे आणि तोच सर्वांत अधिक बिचकतो. दोन्ही स्त्रियांची पट्टी काळी चार ठेवली आहे.

२३ जून

आज गळ्याला विश्रांती देऊन केवळ ऐकण्याचे काम केले. ‘स्वयंवर’ १९१६ साली रंगभूमीवर आले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या पदांना भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या त्या ख्यालाच्या बंदिशींचा अंगभूत विस्तार सांभाळून, आणि त्यामुळे या पदांत आलापाला व तानेला खरीखुरी जागा आहे. आमचा अभंग ज्यात गायला गेला ते ‘कान्होपात्रा’ नाटक १९३१ चे. दोन्ही नाटकांत नायिका बालगंधर्व होते, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. रुक्मिणीचे लाजणे आणि कान्होपात्रेचा आकांत एका पुरुषाच्या गळ्यातून उभा राहिला आणि महाराष्ट्राने तो पिढ्यान्‌पिढ्या खरा मानला. कान्होपात्रेची भूमिका करताना बालगंधर्वांचे वय त्रेचाळीसच्या आसपास होते. तेव्हा हा भाव गायकाच्या वयातून किंवा त्याच्या स्वतःच्या अनुभवातून आपोआप पाझरलेला नाही. तो शब्दाच्या उच्चारातून, स्वराच्या लगावातून आणि थांबण्याच्या जागांतून घडवलेला आहे. साथीला ऑर्गन, कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवाँ यांचा तबला असे. सारंगी गळ्याच्या इतकी जवळ असताना गायकाला एकही स्वर निष्काळजीपणे सोडता येत नसणार.

ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. नाटकात ‘वन्स मोअर’ घेत लांबत जाणारे पद तेथे आटोपशीर व्हावे लागे, आणि म्हणूनच त्या मुद्रिका आपल्याला अभ्यासासाठी फार उपयोगी आहेत: काय टाकले आणि काय मुळीच टाकता आले नाही, ते त्यांत स्पष्ट ऐकू येते.

७ जुलै

देवगिरीच्या यादवांच्या पदरी, सिंघण राजाच्या काळात, शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्यातील गायकदोषांची यादी आज वर्गात वाचली. पंचवीस दोष आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट, तोंड भयंकर वासणारा तो कराली, ज्याच्या मानेच्या व चेहऱ्याच्या शिरा फुगतात तो झोंबक, डोळे मिटून गाणारा तो निमीलक, ज्याची अक्षरे कळत नाहीत तो अव्यक्त, नाकात गाणारा तो सानुनासिक. आणि त्याच ओळीत, कोणतीही वेगळी वर्गवारी न करता, घाबरत गाणारा भीत, लक्ष नसलेला अनवधान आणि रस नसलेला विरस.

मला ही यादी विलक्षण वाटते ती तिच्या एकसंधपणामुळे. शरीराचे दोष एका रकान्यात आणि मनाचे दुसऱ्या रकान्यात, असे शार्ङ्गदेवाने केलेले नाही. शिरा फुगणे आणि रस नसणे हे त्याच्या लेखी एकाच पंक्तीतले दोष आहेत. पुढे तो गायकांचे शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक असे पाच प्रकार सांगतो. तेथे मात्र शिकवू शकणारा, अनुकरण करणारा, स्वतः रसात बुडणारा, श्रोत्यांना रिझवणारा आणि गीतात भाव भरणारा हे वेगवेगळे धरले आहेत. स्वतः रसात बुडणे आणि गीतात भाव भरणे ही दोन निराळी कामे आहेत, हे जवळपास आठशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलुखात कोणीतरी इतक्या नेमकेपणाने लिहून ठेवले आहे. भजन गाणाऱ्या बाई यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी विचारले, ‘मग माझे डोळे भरून येतात ते चूक का?’ चूक मुळीच नाही. पण डोळे भरतात तेव्हा गळाही आवळतो, स्वरयंत्र वर ओढले जाते आणि मीड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे) तुटते. ज्या अभंगाने आपल्याला रडू येते तो दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचा असेल तर गळा मोकळा राहिलाच पाहिजे. हा उपाय शोधणे हेच आता आमचे काम आहे.

२१ जुलै

आषाढी नुकतीच झाली आहे आणि सर्वांच्या कानांत अभंग आहेत. आज कान्होपात्रेच्या अभंगाचा मजकूर चालीशिवाय, नुसता वाचून पाहिला.

अगा वैकुंठीच्या राया । अगा विठ्ठल सखया ॥
अगा नारायणा । अगा वसुदेवनंदना ॥
अगा पुंडलीक वरदा । अगा विष्णू तू गोविंदा ॥
अगा रखुमाईच्या कांता । कान्होपात्रा राखी आता ॥

सात वेळा हाक आहे आणि क्रियापद केवळ एक आहे, तेही शेवटच्या चरणात: ‘राखी’. तोवर वाक्य पूर्ण होतच नाही. बिदरच्या बादशहाकडे नेले जाण्याच्या भयाने विठ्ठलाच्या पायांशी आलेली ही स्त्री, परंपरा सांगते त्याप्रमाणे, मागणे एकाच शब्दात मागते आणि त्याआधी फक्त नावे घेते. गायक पहिल्याच ‘अगा’वर सगळा आकांत ओतून मोकळा झाला तर उरलेल्या सहा हाकांना काही शिल्लक राहत नाही आणि ‘राखी’ ऐकूच येत नाही. भावाची मांडणी येथे कवयित्रीनेच करून ठेवली आहे. गायकाला फक्त तिचे वाक्य तुटू न देता शेवटापर्यंत न्यायचे आहे, आणि त्यासाठी दमसास हवा, संयम हवा व प्रत्येक हाकेचे वजन आधी ठरलेले हवे.

आता तांत्रिक अडचण. ‘अगा’ स्वराने सुरू होतो, व्यंजनाने नाही. स्वराने सुरू होणारा शब्द तीन प्रकारे उचलता येतो. स्वरतंतू आधी घट्ट मिटून मग हवेने ते फोडायचे, हा कठीण आघात. आधी हवा सोडून मग नाद आणायचा, हा हवाळ आरंभ. आणि हवा व नाद एकाच क्षणी सुरू करायचे, हा मऊ पण स्पष्ट आरंभ. भावनेच्या भरात माणूस पहिला प्रकार हमखास वापरतो. काळी चार पट्टीतल्या तार षड्जावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘सा’वर, स्वरतंतू सेकंदाला सुमारे ४१५ वेळा एकमेकांवर मिटत असतात. त्यात प्रत्येक हाकेला असा धक्का बसत गेला तर तिसऱ्या अभंगाला आवाज बसतो यात नवल नाही. बाईंच्या आवाजाचे दुखणे येथे सापडले. भक्ती अधिक असल्याने त्यांचा आवाज बसत होता, असे नव्हे. ती भक्ती प्रत्येक वेळी एकाच दाराने बाहेर पडत होती म्हणून बसत होता.

उपाय म्हणून ‘अगा’च्या आधी मनात अतिशय हलका ‘ह’ धरायचा आणि तो ऐकू येण्याआधीच स्वर लावायचा, असा अभ्यास दिला. सातही हाका एकाच मध्य षड्जावर, चाल न लावता, पण सात निरनिराळ्या वजनांनी म्हणायच्या.

४ ऑगस्ट

आजची नोंद या वहीतली मला सर्वांत मोलाची वाटते.

भैरवीतला कोमल ऋषभ, म्हणजे कोमल ‘रे’, बाईंकडून चढा लागत होता, आणि तोही फक्त शब्दांसकट गाताना. सरगम म्हणताना तो अचूक होता. पेटी बंद करून केवळ तंबोऱ्यावर पुन:पुन्हा ऐकले तेव्हा उलगडा झाला. स्वरतंतूंच्या खाली हवेचा दाब वाढला की नाद मोठा होतोच, पण त्यासोबत स्वरही किंचित चढतो. गळ्याने त्याची भरपाई केली नाही तर चढलेलाच राहतो. बाई ‘सखया’वर भाव आणण्यासाठी हवा ढकलत होत्या, त्या ढकलण्याने ऋषभ चढत होता, आणि भैरवीचे कारुण्य ज्या कोमल ऋषभात आहे तेच नाहीसे होत होते. म्हणजे भाव वाढवण्याच्या प्रयत्नानेच भावाची जागा पुसली जात होती. तंत्र आणि भाव यांचा झगडा म्हणतात तो येथे मुळी नव्हताच. स्वर जागेवर आला असता तर भाव आला असता.

म्हणून श्वासाचा अभ्यास पुन्हा मुळापासून घेतला. श्वास घेताना खांदे न उचलता श्वासपटल खाली जाऊ द्यायचे, खालच्या बरगड्या बाजूंना उघडू द्यायच्या आणि गाताना त्या शक्य तितका वेळ उघड्या ठेवायच्या, म्हणजे हवा आपल्या वजनाने कोसळत नाही. मग ‘सखया’ अगदी लहान आवाजात, मंद्र पंचमापासून सुरू करून. लहान आवाजात स्वर टिकवणे हे मोठ्या आवाजापेक्षा अवघड असते आणि पहाटेच्या खर्जाचा (खालच्या स्वरांच्या रियाजाचा) खरा उपयोग तेथेच दिसतो.

मिरजेत राहून हे शिकवताना अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण न होणे अशक्य आहे. त्यांची कबर येथल्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात आजही तेथे गाणे होते. मुद्रिकांत त्यांचा आवाज बारीक आहे, पण कोठेही ढकललेला नाही. १९०५ साली मिरजेतच जन्मलेल्या त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचाही स्वर असाच आहे. आवाज किती मोठा आहे यावर करुणा अवलंबून नसते, याचा याहून स्पष्ट पुरावा मी विद्यार्थ्यांना देऊ शकत नाही.

२५ ऑगस्ट

पावसाळी हवेने तंबोऱ्याच्या तारा वारंवार उतरत आहेत आणि जवारीही, म्हणजे तारेला गुंजन देणारी घोडीवरची घडण, नीट बोलत नाही. येथल्याच कारागिराकडून जवारी घासून नीट करून घेतली. षड्जातून गंधार ऐकू येऊ लागला, तेव्हा थोरल्या विद्यार्थिनीच्या यमनातला गंधार आपोआप शांत झाला. आज आणखी काही केले नाही.

२२ सप्टेंबर

‘नाथ हा माझा’. थोरल्या विद्यार्थिनीकडे हे पद पूर्ण तयार होते: आलाप, बोल-ताना (शब्दांसह घेतलेल्या ताना), मुखडा (पदाची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणे, सर्व बिनचूक. तरीही रुक्मिणी कोठे दिसत नव्हती. तिला ताना कमी करायला सांगणे सोपे होते आणि अनेक जण तेच सांगतात, परंतु ते मला पटत नाही. भास्करबुवांच्या चालीतून ताना काढल्या तर रुक्मिणीचा अभिमान निघून जातो; ती भित्री मुलगी नाही, आपला वर तिने स्वतः निवडलेला आहे.

आम्ही प्रथम उच्चार पाहिला. हिंदी बंदिशी गाऊन गाऊन तिचा ‘माझा’तला झ हिंदी ‘झंडा’तल्यासारखा तालव्य झाला होता. मराठीत तो दातांच्या मागे, ‘झाड’मधल्यासारखा आहे. जीभ पुढे आली तशी आकाराची सुरुवातही पुढे आली आणि आवाज घशातून सुटून समोर आला. योग्य मराठी उच्चार हाच येथे उत्तम कंठसाधनेचा उपाय ठरला, याचा मला अतिशय आनंद आहे. अभंगातही हाच अनुभव आहे: ‘पुंडलीक’ लांबवताना उकार धरायचा आणि अनुस्वार अगदी शेवटी मिटायचा, नाहीतर सानुनासिक दोष येतो, ‘वैकुंठी’त ‘अ’वर थांबून ‘इ’ शेवटी सोडायचा. मराठी गाणे शिकवताना उच्चार सर्वांत शेवटी, इस्त्री केल्यासारखा करायची वस्तू समजली जाते, ती समजूत आता माझ्या वर्गातून काढून टाकायची आहे.

त्यानंतर श्वास. ती ‘नाथ हा’ म्हणून श्वास घेत होती आणि मग ‘माझा’ व त्याला जोडून आलाप गात होती. आलापाला भरपूर दम मिळावा म्हणून निवडलेली ती सोयीची जागा होती. पण ‘नाथ हा’ येथे तोडले की ‘हा’ लोंबकळत राहतो. श्वास ‘नाथ’नंतर घेतला तर ‘हा माझा’ एकत्र येते आणि रुक्मिणी कोणाकडे तरी बोट दाखवून हक्काने बोलते आहे, हे चित्र उभे राहते. मात्र मग आलापाला दम कमी पडतो. या दोहोंत निवड करायची नाही असे आम्ही ठरवले. ‘हा माझा’ एका दमात घ्यायचे, ‘झा’च्या आकारावर केवळ एक छोटी मीड करून सोडायचे, आणि पूर्ण आलाप दुसऱ्या आवर्तनात (तालाच्या पुढच्या फेऱ्यात), शब्द श्रोत्यांच्या मनात बसल्यावर करायचा. एकही तान कमी झाली नाही. ताना केवळ उशिरा आल्या आणि उशिरा आल्यामुळे त्यांना बोलण्याचा अर्थ आला.

मला आता असे वाटू लागले आहे की आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर श्वासाच्या जागेतच आहे. श्वास कोठे घ्यायचा हे ठरवताना फुप्फुसांचा विचारही करावा लागतो आणि वाक्याच्या अर्थाचाही, आणि या दोन विचारांना तेथे वेगळे करताच येत नाही.

६ ऑक्टोबर

तरुण विद्यार्थ्याने आज स्वतःहून कुमार गंधर्वांचा विषय काढला. क्षयाने फुप्फुस दुबळे झाल्यावर १९४८ मध्ये कुमारजी देवासला गेले आणि काही वर्षे गाऊच शकले नाहीत. पुन्हा गाऊ लागले तेव्हा लांब अखंड सुरावटींऐवजी छोटे, तीव्र, मध्येच थांबणारे स्वरवाक्यांश त्यांच्या गाण्याचे अंग बनले. ते केवळ आजाराचे फळ होते असे मी म्हणणार नाही. माळव्यातील लोकगीतांचा अभ्यास आणि त्यांची स्वतःची प्रज्ञा त्यात आहे. परंतु श्वासाची मर्यादा आणि सांगायचा आशय एकत्र येऊन नवे वळण घडू शकते, याचे ते ठळक उदाहरण आहे. त्यांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर हे मिरजेचेच, आणि आवाजाच्या शास्त्रशुद्ध जोपासनेचा त्यांनी मुद्दाम अभ्यास केला होता, हेही मुलाला सांगितले.

त्याच्या भीतीवर मात्र याने उपाय होत नव्हता. तो श्वास फार लवकर घेतो, कारण दम संपेल अशी त्याला धास्ती असते. लवकर घेतलेला श्वास छातीत वरच अडकतो आणि मग दम खरोखर संपतो. त्याला अभंगाची फक्त शेवटची ओळ दिली. ‘अगा रखुमाईच्या कांता’ म्हणून झाल्यावर तबला चालू असताना एक पूर्ण आवर्तन, आठही मात्रा, काहीही न गाता थांबायचे आणि मग ‘कान्होपात्रा राखी आता’. थांबणे हेच काम आहे असे कळल्यावर त्याचे खांदे खाली आले.

२७ ऑक्टोबर

ध्वनिक्षेपकावर पहिली तालीम. माईक जवळ असला की लहान आवाज पोहोचतो हे चांगलेच आहे, पण श्वासाचा आवाजही तितकाच मोठा होतो. थोरलीला वाटत होते की ऐकू येणारा श्वास म्हणजे दोष. मी तसे मानत नाही. धापेचा श्वास आणि वाक्याच्या विरामाचा श्वास श्रोत्याला वेगळे कळतात. माईक तोंडासमोरून थोडा बाजूला ठेवला, एवढेच केले.

‘राखी’वरून मात्र चांगलीच चर्चा झाली. बाईंना तो शब्द तार सप्तकात हवा होता, कारण आयुष्यभर त्यांनी मागणे वरच्या स्वरात मागितले आहे. मी मध्य षड्जावर, एकही हरकत (स्वरांची छोटी नक्षी) न घेता, असा आग्रह धरला. दोन्ही प्रकारे गाऊन झाल्यावर पेटीवाल्यांनी शांतपणे सांगितले की तार षड्जावर त्यांना आवाज ऐकू आला आणि मध्य षड्जावर शब्द. बाईंनी थोडा विचार केला आणि पहिल्या वेळी तार, शेवटच्या वेळी मध्य, असा मार्ग त्यांनीच काढला. तो माझ्या मूळ सूचनेपेक्षा चांगला आहे, कारण वरून खाली आल्यामुळे शरण जाणे ऐकू येते.

११ नोव्हेंबर

काल कार्यक्रम झाला. निरीक्षणे आजच लिहून ठेवतो.

अभंग तिघांनी मिळून गायला. बाईंनी हाका घेतल्या, थोरलीने मधले आलाप भरले आणि तरुणाने शेवटची ओळ गायली. बाईंचा आवाज अखेरपर्यंत टिकला. नंतर त्या घरी जाताना नेहमीसारख्या बोलत होत्या, यावरून गळ्यावर ताण आला नव्हता हे कळते. डोळे त्यांनी मिटले होते. शार्ङ्गदेवाच्या यादीप्रमाणे तो दोष आहे, पण कोमल ऋषभ जागेवर होता आणि शब्द मागच्या रांगेपर्यंत स्पष्ट गेले, म्हणून त्यावर मी काही बोललो नाही.

थोरलीच्या पदात ‘हा माझा’ सलग आले. दुसऱ्या आवर्तनातला आलाप ठरल्यापेक्षा लांबला आणि समेच्या आधी मुखडा थोडा घाईने आला. तबलजींनी तो सांभाळून घेतला. येथे अजून काम आहे. आलाप सुरू करण्याआधी तो किती मात्रांचा आहे हे तिला ठाऊक असते, तो कोणत्या शब्दाकडे परत येणार आहे हे तिच्या मनात अद्याप पक्के नसते.

तरुणाने आठ मात्रा पूर्ण थांबून ‘राखी’ गायली.

पुढील टप्प्यासाठी निश्चित केलेले काम असे: नव्या पदाचा मजकूर हाती येताच प्रथम तो मोठ्याने वाचून श्वासाच्या खुणा पेन्सिलीने करायच्या, मग चाल ऐकून त्या पुन्हा तपासायच्या, आणि जेथे चालीचा श्वास व वाक्याचा श्वास जुळत नाहीत त्या जागांवर सर्वाधिक वेळ द्यायचा. स्वरसाधना आणि शब्दसाधना यांचे वेगवेगळे तास आतापर्यंत होते. मार्गशीर्षापासून ते एकत्र होतील.